पटकथेत नसलेलं वाक्य

ते वाक्य आपल्या तोंडून निघालं कसं, याचा सुमतीबाईंना काही केल्या पत्ता लागला नाही. पटकथेत ते नव्हतं. तालमीत कधी आलं नव्हतं. आणि इतक्या वर्षांच्या संसारात असलं काही आपल्या मनात येऊन गेल्याचंही त्यांना आठवत नव्हतं.

सुमतीबाई त्रिलोकेकर गिरगावात, ठाकूरद्वारजवळच्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत. नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. आधी लोकांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात आणि ट्रंक कॉलचा जमाना संपल्यावर लोकांच्या तक्रारी ऐकण्यात. सत्तरीला टेकल्या तरी आवाज मात्र तसाच राहिला होता, स्वच्छ आणि ऐकत राहावा असा. यजमान कमलाकांत बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. परभी, म्हणजे पाठारे प्रभू घरातल्या पुरुषाला मासळीची पारख लागते, ती त्यांना पुरेपूर होती. कोबीच्या भानोल्यात घालायची कोलंबी ते स्वतः बाजारात जाऊन निवडून आणत, लसूण सोलून देत, कधी आवाज चढवत नसत. मुलगा अभिषेक बंगळूरला आपल्या संसारात सुखी. एकूण, बोट ठेवायला जागा नाही असं सगळं.

अशा घरात भाची सिनेमा करायला आली. देविका सुमतीबाईंच्या भावाची मुलगी, तिशीची, लहान लहान फिल्म्स करणारी. तिला वीसेक मिनिटांच्या फिल्मसाठी जुनं घर हवं होतं, खिडकीतून भरपूर उजेड येणारं. आत्याचं घर तिला आयतंच मिळालं. गोष्ट साधी होती. सुलभा नावाची वयस्क बाई एका मंगळवारी नवऱ्याचं घर सोडून निघून जाते. नवरा मारत नाही, पीत नाही. ती का जाते हे फिल्ममध्ये कुणी सांगत नाही. सुलभाचं काम करणाऱ्या पुण्याच्या बाई आदल्या दिवशी पाय मुरगळून बसल्या, तेव्हा देविका डोक्याला हात लावून म्हणाली, "आत्या, आता तूच उभी राहा. फार काही करायचं नाहीये. तू रोज वावरतेस तशी वावर."

"अगं, पण मला अभिनय कुठं येतो?"

"म्हणूनच तर."

दोन दिवस ठीक गेले. सुमतीबाईंनी कॅमेऱ्यासमोर तांदूळ निवडले, कपड्यांच्या घड्या घातल्या, नवऱ्याचं काम करणाऱ्या शरच्चंद्र नावाच्या नाटकवाल्या गृहस्थांना आमटी वाढली. सुलभाला चष्मा नाही म्हणून त्यांनाही चष्मा काढून ठेवायला लागला, त्यामुळे सगळं जरा धूसरच दिसत होतं. कमलाकांत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून असत. आवाज रेकॉर्ड होतोय, भांडं वाजवू नका, अशी त्यांना ताकीद होती. ते खोकलासुद्धा दाबून धरत.

शेवटचा प्रसंग दाराशी होता. सुलभा चपला घालते. नवरा विचारतो, "येणार कधी?" आणि ती काही न बोलता दार उघडून जाते. एवढंच. शरच्चंद्रांनी विचारलं, "येणार कधी?" सुमतीबाईंनी कडीला हात घातला, आणि मग जायचं सोडून त्या मागं वळल्या.

"तुम्ही वाईट नाही हो," त्या म्हणाल्या. "पण तुला इथं राहायचंय का, असं मला कधी कुणी विचारलंच नाही."

आणि गेल्या. बाहेर जिन्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. आत 'कट' म्हणायचं भान देविकालाही राहिलं नव्हतं. मग ती धावत बाहेर आली आणि आत्याच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. "आत्या, कुठून आणलंस हे?"

"चुकलं का? पुन्हा करू या."

"वेडी आहेस? पुन्हा बिन्हा काही नाही. हेच राहणार."

सगळी मंडळी सामान आवरून गेली, तेव्हा कमलाकांतांनी जेवताना फक्त एवढंच विचारलं, "मीठ घेऊ का जरा?"

मीठ त्यांच्या हाताशीच होतं.

त्या दिवसापासून त्यांना ही खोड जडली. टीव्ही लावू का? पंखा कमी करू का? आज बांगडे आणू की बोंबील, तुला काय हवंय? नेहमी दहा मिनिटांत बाजारातून येणारा माणूस मासळीवालीसमोर उभं राहून घरी फोन करायचा. सुमतीबाईंना आधी हसू आलं, मग वैताग आला. "अहो, मला कशाला विचारता? आणा की काहीही." ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत. सगळं विचारत. तेवढं एक सोडून.

आणि सुमतीबाई? दुपारी पडल्या पडल्या त्या आपल्याच आयुष्यात शोध घेत राहिल्या. वाक्य आलं म्हणजे ते कुठून तरी आलं असणार. सासूबाई कडक होत्या, पण आजारपणात त्यांनी सुमतीबाईंचाच हात धरून ठेवला होता. सुपरवायझरच्या परीक्षेला सुमतीबाई बसल्या नव्हत्या खऱ्या, पण बसू नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं. अभिषेक लहान होता, घरात तो विषयच निघाला नाही, झालं. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचंही आठवत नव्हतं. सगळे कप्पे उघडून पाहिले, पण त्या वाक्याला शोभेल अशी एकही तक्रार सापडेना. मग ते बोललं कोण? सुलभा? पण सुलभाला तर देविकानं गप्पच ठेवलं होतं.

फिल्मचं नाव 'सुलभाचा मंगळवार'. ती दादरला बायकांच्या चित्रपट महोत्सवात लागली. महोत्सव भरवणाऱ्या मार्गारेट दादरच्याच, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. आखूड पांढरे केस, खणखणीत मराठी. कमलाकांत गुडघ्याचं कारण सांगून घरी राहिले. गुडघा दुखत होता हे खरं होतं, पण त्याच गुडघ्यानं ते सकाळी बाजारात जाऊन आले होते.

अंधारात आपलाच चेहरा एवढा मोठा पाहून सुमतीबाई आधी खुर्चीतच आक्रसल्या. वाक्य आलं, फिल्म संपली. मग टाळ्या. चर्चेत एका तरुण मुलीनं उठून विचारलं, "ते शेवटचं वाक्य लिहिलेलं होतं का?"

माइक सुमतीबाईंच्या हातात होता, पण उत्तर देविकानं दिलं. "नव्हतं. ते आत्याच्या आतून आलं. चाळीस वर्षांचं साचलेलं."

पुन्हा टाळ्या. सुमतीबाई नमस्कार करून खाली बसल्या. साचलेलं? आपल्यात? बाहेर चहाच्या टेबलाशी बायका रांग लावल्यासारख्या भेटायला आल्या. कुणी हात धरला, कुणी डोळे पुसले, एकीनं तर वाकून नमस्कार केला. 'तुम्ही आमच्या मनातलं बोललात,' असं जी ती म्हणे. मनातलं कुणाच्या, हे मात्र सुमतीबाईंना कळत नव्हतं. लोकांचे कॉल जोडून देताना कधी कधी दोन्हीकडचे आवाज आपल्याच कानात यायचे, तसं काहीसं त्यांना झालं.

महोत्सव सभागृहात सुरू होऊन सभागृहातच संपता कामा नये, असा मार्गारेट यांचा आग्रह असे. म्हणून मग काही फिल्म्स लालबागला, वरळीला, डिलाईल रोडला चाळींतल्या बायकांना दाखवल्या जात. लालबागच्या खेळाला सुमतीबाई गेल्या होत्या. गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत पांढरी चादर लावली होती आणि समोर सतरंजीवर बायका बसल्या होत्या. खेळ संपल्यावर एक पन्नाशीची बाई जवळ आली. बोलली काहीच नाही, नुसती बघत राहिली. अवघडलेपण घालवायला सुमतीबाईंनी तिचं नाव विचारलं. शैला. जवळच मसाल्याच्या दुकानात कामाला होती. "कधी ठाकूरद्वारला आलात तर या घरी," सुमतीबाई म्हणाल्या, पत्ताही सांगितला. आपण सगळ्यांना म्हणतो तसंच.

पंधरवडाही झाला नसेल. सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात शैला. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात घरच्या मसाल्याची बरणी.

"मी निघाले, ताई."

"या ना. कुठं निघालात?"

"नाय, निघाले म्हणजे, घरातून निघाले."

सुमतीबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. समोरच्या खुर्चीवर टेकत त्यांनी हळूच विचारलं, "मारतात का तुम्हाला?"

"छे हो."

"पितात?"

"विसर्जनाच्या दिवशी कधी तरी. ते पण दोस्तांनी लय आग्रह केला तर."

"मग दुसरं काही? म्हणजे कुणी बाई वगैरे?"

शैला हसली. "त्यांना? माझ्याशी बोलायचा कंटाळा, दुसरीशी कुठून बोलतील?"

"मग झालं तरी काय?"

"कायच नाय झालं. तुमच्या पिक्चरमध्ये तरी काय झालेलं?"

"अहो, पण तो सिनेमा होता, शैलाताई."

"सिनेमा होता म्हणून तर कळलं," शैला म्हणाली. "घरात रोज तेच चालतंय, ते कुठं दिसतंय?"

इतक्यात कमलाकांत आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. बॅगेकडे पाहिलं, शैलाकडे पाहिलं. "बाहेरच्या खोलीत झोपतील त्या," ते म्हणाले. "तिथं वारा चांगला असतो." आणि मग बायकोकडे वळून, "चालेल ना तुला?"

सुमतीबाईंनी गॅलरीत जाऊन आधी मार्गारेट यांना फोन लावला. "सुमती," त्या पलीकडून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बायकांना सिनेमे दाखवतेय. भाषणात सांगते, सिनेमानं समाज बदलतो. आणि आज पहिल्यांदाच कुणी तरी खरंच बॅग भरली, तर मीच घाबरलेय. पेढे वाटू की वकील बघू?"

"मी काय करू ते सांगा."

"खायला घाल तिला. बाकी मला तरी काय कळतंय?"

देविकाला मात्र आनंद मावेना. "आत्या, हेच तर! हेच व्हायला हवं होतं!" आणि दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊन हजर झाली. तिला शैलावर फिल्म करायची होती. एक बाई सिनेमा बघते आणि घर सोडते.

सुमतीबाई दारातच आडव्या आल्या. "मुळीच नाही. ती बिचारी आधीच गोंधळलेली आहे. तिला कॅमेऱ्यापुढं उभं करायचं नाही. मी करू देणार नाही."

आवाज एवढा चढला की त्यांनाच नवल वाटलं. शैला आतून पदराला हात पुसत आली.

"ताई, तुम्ही मला विचारलंत?"

"काय?"

"उभं राहायचंय का म्हणून. तुम्हीच ठरवलंत माझं?"

सुमतीबाई बाजूला झाल्या आणि आत जाऊन उगीचच पालेभाजी निवडायला बसल्या. बाहेर देविकानं कॅमेरा लावला. शैला नीट वेणीफणी करून बसली आणि अर्धा तास मिरचीबद्दल बोलत राहिली. बेडगी रंगाला कशी, लवंगी तिखटाला कशी, ओली मिरची कुटली तर मसाल्याला बुरशी कशी धरते. देविका पुन्हा पुन्हा घराचा विषय काढायची, शैला पुन्हा पुन्हा मिरचीवर यायची. शेवटी देविका कॅमेरा मिटून म्हणाली, "आत्या, मला काही कळत नाही गं हिचं."

"मला तरी कुठं कळतंय," सुमतीबाई म्हणाल्या.

शैला कामावर जात होती, संध्याकाळी परत येत होती, भाकऱ्या थापत होती. तिचा नवरा रमाकांत आला तो रविवारी दुपारी. बेस्टमधून निवृत्त झालेला, इस्त्रीचा शर्ट, हातात चपला घेऊनच जिना चढून आल्यासारखा ओशाळा माणूस. सुमतीबाईंनी भांडणाची तयारी मनात केली होती. पण हा सोफ्याच्या कडेला टेकला आणि हात जोडून मालवणीत म्हणाला, "माजा काय चुकला ता सांगा. मी सुधारतंय. पण सांगा तरी."

शैला खिडकीशी उभी होती.

"चुकलं असं नाही," सुमतीबाई म्हणाल्या, आणि पुढं काय बोलायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही हिला दाखवलंत काय? मला पण दाखवा. मी पण बघतो."

हे बरोबरच होतं. देविकाला बोलावून घेतलं. तिनं लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. रमाकांत आणि शैला सोफ्याच्या दोन टोकांना बसले. कमलाकांत आपल्या खुर्चीत. तेही फिल्म पहिल्यांदाच बघत होते. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, आणि पडद्यावर हेच घर, हाच सोफा, हीच खिडकी. रमाकांत आधी घर ओळखण्यातच रमला. "हे कपाट इथलंच ना? अगदी इथलंच." मग हळूहळू पुढं वाकून बघू लागला.

ते वाक्य आलं. सुमतीबाईंनी खाली पाहिलं. दादरला सगळ्यांनी त्या नजरेची फार स्तुती केली होती. सुलभा नवऱ्याकडे न बघता त्याच्या पलीकडे कुठं तरी बघत बोलते, जणू सगळ्या जन्माकडेच बघतेय, असं कुणी तरी म्हणालं होतं.

फिल्म संपली. पडदे कुणी उघडले नाहीत.

"तिथं मी बसलो होतो," कमलाकांत म्हणाले.

"कुठं, काका?" देविकानं विचारलं.

"ती बघतेय ना तिथं. स्वयंपाकघराच्या दारात. स्टुलावर."

देविकाच्या तोंडाचा आ झाला. सुमतीबाई घाईनं म्हणाल्या, "अहो, माझा चष्मा काढलेला होता. मला तुम्ही दिसतसुद्धा नव्हतात." आणि बोलता बोलताच त्यांना शंका आली. दिसत नव्हते, हे खरं. पण तिथं आहेत हे माहीत नव्हतं का?

रमाकांत मात्र आपल्याच विचारात होता. "पण यात नवऱ्यानं केलंय काय?" त्यानं विचारलं.

"कायच नाय," शैला खिडकीकडे बघत म्हणाली. "तेच."

बराच वेळ तो हातातला रुमाल दुमडत, उलगडत राहिला. मग चारचौघांत, त्याला किती जड गेलं असेल कोण जाणे, पण त्यानं विचारलं. "शैला, तुका ऱ्हवाचा आसा काय घरात?"

देविकाचा हात कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला आणि तिथंच थांबला. शैलानं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"माका म्हायती नाय," ती म्हणाली. "आता विचारलात, तर आता शोधूक व्हया."

"किती दिवस शोधतलस?"

"ता पण म्हायती नाय."

रमाकांतनं मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी. शैलानं त्याला चहा करून दिला नाही. तो देविकानं केला आणि साखर घालायची विसरली. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

संध्याकाळी शैलानं पुन्हा बॅग भरली. घरी जाणार नव्हती. वरळीला मावसबहीण राहते, तिच्याकडे. "तुमच्याकडे किती दिवस राहू? तुमचं तुम्हाला बघायचंय," असं दारात सहज बोलून गेली. रमाकांतनं तिची बॅग उचलली आणि तिला टॅक्सीत बसवून देऊन तो बसनं लालबागला गेला. गॅलरीतून सुमतीबाई आणि कमलाकांतांनी हे पाहिलं.

आत येऊन कमलाकांतांनी पडदे बाजूला सारले, सोफ्यावरची चादर नीट केली. मग पाठमोरेच उभे राहून म्हणाले, "मी विचारू का?"

"काय?"

"तेच."

"नको," त्या म्हणाल्या. "आज नको."

"का गं?"

"आज विचारलंत तर मी काही तरी तुम्हाला बरं वाटेल असंच बोलून जाईन."

ते वळले. रागावले असतील असं सुमतीबाईंना वाटलं होतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब जुळत नसला की बँकेतून असाच चेहरा घेऊन ते घरी येत. "बरं," ते म्हणाले. "घाई नाही."

पुढं शैलाचं जे झालं ते कुणाला धड सांगता येणार नाही. दिवाळीत ती लालबागला घरी गेली, आठवडाभर राहिली, पुन्हा वरळीला आली. मग पुन्हा गेली. आता तिचे दात घासायचे ब्रश दोन्हीकडे आहेत आणि लोक विचारतात तेव्हा रमाकांत सांगतो, "ती शोधतासा." काय, ते तो सांगत नाही. देविका तिच्या मिरचीच्या चित्रणाचं काय करायचं याचा अजून विचार करतेय. मार्गारेट आपल्या भाषणात 'सिनेमानं समाज बदलतो' हे वाक्य म्हणतात, पण आता तिथं येऊन क्षणभर अडखळतात.

गुडघ्याला पट्टा बांधून कमलाकांत पहिल्यांदा खेळाला आले ते डिलाईल रोडला, एका शाळेच्या हॉलमध्ये. सगळ्या बायकांत एकटेच पुरुष म्हणून अगदी शेवटच्या बाकावर बसले. फिल्म संपली, चर्चा सुरू झाली. सुमतीबाईंना नेहमीचा प्रश्न आला, ते वाक्य तुमचं होतं का? देविका माइककडे सरकली, पण या वेळी सुमतीबाईंनीच उत्तर दिलं. "मला माहीत नाही. माझ्या तोंडून आलं एवढं खरं." मार्गारेट जरा चुळबुळल्या. समोरच्या बायकांत कुजबुज झाली. एवढ्याशा उत्तरासाठी का आपण आलो, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका धीट बाईची नजर मागं गेली. कुणी तरी तिच्या कानात सांगितलं असावं.

"ते मागं बसलेत ते यांचे मिस्टर आहेत म्हणे. काका, तुम्हाला काय वाटलं पिक्चर बघून?"

सगळ्या माना मागं वळल्या. सुमतीबाईंना वाटलं, धावत जाऊन यांच्यापुढं उभं राहावं. पण त्या बसून राहिल्या. कमलाकांत बाकाचा आधार घेत उठले. माइक त्यांच्यापर्यंत पोचवला गेला. त्यांनी तो उलटा धरला, शेजारच्या मुलीनं सरळ करून दिला.

"मी दोनदा बघितला," ते म्हणाले. "एकदा घरी, एकदा इथं. अजून पूर्ण समजलेला नाही. पुन्हा लागला तर पुन्हा येईन."

आणि खाली बसले. मग कुठून तरी एक टाळी वाजली आणि पाठोपाठ सगळा हॉल वाजला. सुमतीबाईंनी हात उचलले, पण टाळी वाजवावी की नाही ते ठरेना, म्हणून ते तसेच मांडीवर ठेवले. त्यांना अभिमान वाटत होता, लाज वाटत होती, आणि आपण नक्की कुणाची बाजू घेऊन इथं बसलोय हेही आठवत नव्हतं.

बाहेर पडल्यावर टॅक्सी मिळेना. दोघं रस्त्याच्या कडेनं चालत राहिले. चाळींच्या गॅलऱ्यांत बायका कपडे काढत होत्या.

"त्यांनी टाळ्या का वाजवल्या गं?" कमलाकांतांनी विचारलं.

"मला नाही ठाऊक."

"मी काही विनोदी बोललो का?"

"नाही हो."

"मग?"

सुमतीबाईंनी समोरून येणाऱ्या टॅक्सीला हात केला. ती भरलेली होती. दुसरी आली, ती थांबली.

"गिरगाव," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, आणि कुठं बसायचंय ते कुणी विचारायच्या आधीच आत जाऊन खिडकीशी बसल्या.